शत्रूला आधी मार खायला शिकव

भावा, प्रश्न वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, म्हणजे नंतर कोण वाचायला आलं तरी संदर्भ लागेल. याचा गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) ब्रॉलर, म्हणजे रस्त्यावरच्या हाणामारीचा गेम चाललाय, कोल्हापूरच्या पेठांमधला, हिरो एकटा आणि समोर गुंडांच्या टोळ्या. शत्रू बनवलेत मार्शल आर्टच्या पिक्चरवरनं, कराटेवाला, मुए थाईवाला, झिंगून झुलत लढणारा दारुड्या, वुशूवाली, नानचाकूवाला, पैलवान वगैरे मिळून नऊ. प्रत्येकाचं अ‍ॅनिमेशन वेगळं, कपडे वेगळे, पण टेस्टला बसवलेले दोस्त म्हणतात सगळे एकच हायत, तीन बुक्क्या आणि एक लाथ घातली की कुणीबी झोपतो. हेल्थ वाढवली तर कंटाळा, चारपाच एकदम सोडले तर शिव्या. आणि शेवटी विचारलंय, "अजून कुठली स्टाइल टाकू?"

कुठलीच टाकू नकोस. उलट आहेत त्यातलेच निम्मे मी काढायला लावणार आहे. तुझं दुखणं मला असं दिसतंय की समोरचा गडी बदलला तरी खेळणाऱ्याला हातातलं काहीच बदलावं लागत नाही. कराटेवाला येऊ दे नाहीतर दारुड्या, अंगठा तेच बटण त्याच लयीत दाबतोय आणि त्याचं काम भागतंय, मग तू कितीही सुंदर किक काढलीस तरी ती फक्त डोळ्यांना दिसणार, अंगठ्याला कळणार नाही. टेस्टवाले खोटं बोलत नाहीत, ते अंगठ्याचं मत सांगतायत.

आता काही गोष्टी तू लिहिलेल्या नाहीत आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. तुझा हिरो काय काय करू शकतो? नुसती बुक्की आणि लाथ असेल तर शत्रू कितीही हुशार केलास तरी तो दोनच प्रश्न विचारू शकतो, कारण उत्तरं दोनच आहेत. कॅमेरा कसा आहे? हिरो वर-खालीही सरकतो, म्हणजे रस्त्याला खोली आहे, का एकाच रेषेत डावी-उजवी? एकाच रेषेत असेल तर घेरणं हा प्रकारच संपला, दोनच बाजू. आणि गेम पॅडवर खेळायचा का मोबाइलच्या काचेवर? काचेवर बोटाला बटण जाणवत नाही, त्यामुळे सगळीच वेळ जरा सैल द्यावी लागते. मी असं धरून चाललोय की हिरोला बुक्की, लाथ, उडी, पकड आणि मागं सरकणं एवढं येतं, रस्त्याला खोली आहे, गेम सेकंदाला ६० फ्रेमवर चालतो आणि बहुतेक लोक फोनवर खेळणार. यातलं काही चुकत असेल तर खालचे आकडे त्या हिशोबानं हलव.

पिक्चरमधनं आपण काय उचलतो ते बघ. शंभरातले नव्वद जण स्टाइल उचलतात, म्हणजे हात कसा धरला, उभा कसा राहिला, किक किती उंच गेली. पण हाँगकाँगच्या जुन्या पिक्चरमध्ये मारामारी जी अंगावर येते त्यात मारणाऱ्याचा वाटा निम्माच असतो, बाकीचं काम मार खाणारा करतो. ते स्टंटवाले अंगावरच्या कपड्यांना पावडर लावायचे, म्हणजे लाथ बसली की धुरळा उठतो आणि लांबनं पण दिसतं की बसली. एडिटिंगमध्ये फटका एकदा लांबनं दाखवायचे आणि जवळच्या शॉटमध्ये दोनचार फ्रेम मागं जाऊन तोच परत, आपल्याला वाटतं एकच फटका पण डोळ्यानं तो दीडदा बघितलेला असतो. आणि पडणं तर काय, टेबलावर, जिन्यावर, काचेवर, प्रत्येक गुंड वेगळा पडतो. हिरो भारी वाटतो तो या लोकांमुळं.

तुझ्याकडं काय झालं असणार ते मी कोड न बघता सांगतो. नऊ शत्रूंना हल्ल्याची अ‍ॅनिमेशन नऊ तऱ्हेची, आणि मार खाल्ल्यावर सगळे मान मागं टाकून तेवढेच फ्रेम थांबतात. हिटस्टन, म्हणजे फटका बसल्यावर गडी किती वेळ सुन्न राहतो तो आकडा, सगळ्यांचा एकच व्हेरिएबल, बेस क्लासमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये ठेवलेला, बरोबर? मग एका कॉम्बोनं, म्हणजे लागोपाठच्या ठरलेल्या फटक्यांनी, सगळे मरणारच की. तो कॉम्बो त्या एका आकड्यावरच उभा आहे.

म्हणून माझ्याकडं नवीन पोरं शिकायला येतात त्यांना मी शत्रूचा हल्ला करूच देत नाही आधी. मार कसा खातो ते कर म्हणतो. तुझेच घेऊ. कराटेवाला समोरनं आलेल्या पहिल्या दोन बुक्क्या हाताच्या घडीवर घेतो, हलत नाही, तिसरीला किंवा लाथेला घडी मोडते आणि तेव्हा मात्र लांब जाऊन पडतो. मागनं मारलंस तर पहिल्यालाच मोडतो. दारुड्याला पहिली बुक्की बसली की तो मागं झुलतो, लई मागं, इतका की तुझी दुसरी बुक्की हवेत जाते आणि तो झोका घेऊन परत येताना खालनं डोकं घालतो. त्याला बुक्कीनं मारायचंच नाही, झुलला की पकडायचा. वुशूवाली हलकी, पहिल्याच फटक्याला उडून जाते, म्हणजे तिच्यावर कॉम्बो बसतच नाही, पण उडाली की मागच्या दोघांना घेऊन पडते, तर तिला कुठल्या दिशेला उडवायचं हा खेळ होतो. पैलवानाला समोरनं बुक्की लागते, हेल्थ जाते, पण तो थांबत नाही, चालतच येतो. बघ, अजून एकाचाही हल्ला लिहिला नाही आपण. तरी तीन बुक्क्या एक लाथ याचे चार वेगळे निकाल लागले. आणि खर्च किती, माणशी दोनतीन चित्रं आणि एक हिटस्टनचा आकडा.

त्या फटक्याला वजन यायला हिटस्टॉप हवा, म्हणजे फटका बसला त्या क्षणी दोघांनाही गोठवायचं. हलक्या बुक्कीला ३-४ फ्रेम, लाथेला ८-१० पर्यंत, त्याच्या पुढं गेलास तर गेम अडकल्यासारखा वाटतो. पिक्चरमधल्या दीडदा दाखवलेल्या फटक्याचं काम आपल्याकडं हा करतो. आणि पावडरचं काम? तू कोल्हापुरात बसलायस, लाल माती आहे की. तालमीच्या हौद्यातली फाइट असेल तर प्रत्येक फटक्याला अंगावरनं लाल भुकटी उडू दे. रस्त्यावरच्या लेव्हलला साधी धूळ. पण भुकटी ज्या दिशेनं मारलं त्याच दिशेला उडाली पाहिजे, गोल फुगा उडवलास तर फटाका फुटल्यासारखं दिसतं आणि फटका कुठनं आला ते कळत नाही.

आता हल्ल्याकडं. इथं पिक्चर आणि गेम यातला सगळ्यात मोठा फरक येतो. पिक्चरमध्ये हिरोला माहीत असतं समोरचा काय करणार, आठवडाभर तालीम करून दोघं आलेले असतात. तुझ्या खेळणाऱ्यानं तालीम केलेली नाही. त्याला ती कोरिओग्राफी तिथल्या तिथं, शत्रूच्या अंगावरनं वाचायची आहे. दिसलं, कळलं, बोट हललं, याला साधारण पाव सेकंद जातो, म्हणजे ६० फ्रेमच्या हिशोबात १५ फ्रेम. ही नुसती प्रतिक्रिया झाली, कोणता हल्ला आहे आणि आपण काय करायचं हे ठरवायला वरती अजून वेळ लागतो, फोनची काच अजून थोडा खाते. म्हणून साध्या गुंडाच्या फटक्याच्या आधीची खूण मी २४ फ्रेमच्या खाली आणत नाही, जड गड्याची ३५-४० पर्यंत नेतो. पिक्चरची क्लिप लावून फ्रेम बाय फ्रेम कॉपी केलीस तर खरी बुक्की कितीतरी लवकर पोचते, खेळणाऱ्याला ती दिसतच नाही आणि मग तो म्हणतो गेम चीटिंग करतोय. आधीचा हात मागं घेणं ताणायचं, फटका मात्र दोनतीन फ्रेममध्ये सपकन काढायचा, आणि फटका संपला त्या पोजमध्ये गड्याला थांबवायचं. सगळंच ताणलंस तर गडी पाण्यात लढतोय असं वाटेल.

ते थांबणं महत्त्वाचं आहे. कुंग-फूच्या पिक्चरची लय आठव, सात-आठ फटके धडाधड, मग दोघं एक क्षण पोज घेऊन थांबतात, परत धडाधड. प्रेक्षकाला तिथं श्वास मिळतो. गेममध्ये तो थांबलेला क्षण म्हणजे रिकव्हरी, आणि खेळणाऱ्याची मारायची पाळी. कराटेवाल्यानं सरळ लाथ मारली की पाय हवेतच ठेवून २० फ्रेम थांबू दे, दिसायला झकास आणि तेवढ्यात याला आत घुसता येतं. स्टाइल दाखवायची हौस इथं भागव, खूण आणि थांबणं या दोन पोजमध्ये. मधल्या दोन फ्रेममध्ये कोण बघतंय.

आपल्याकडं कुस्तीत म्हणतात प्रत्येक डावाला तोड असते. वस्ताद डाव शिकवला की त्याची तोडही शिकवतो. माझ्या शत्रूंच्या कागदावर पहिला रकाना तोडीचा असतो, डावाचा दुसरा. खेळणारा काय करून सुटणार ते आधी लिही, हल्ला मागनं बनव. आणि एकाच टोळीतल्या दोघांची तोड एकच निघाली तर त्यातला एक काढून टाक, कितीही देखणा असला तरी. तुझ्या मुए थाईवाल्याचं तेच होणार बघ, गळ्यात हात घालून गुडघे मारतो म्हणतोस, म्हणजे जवळ आला की लांब पळा. पैलवानाची पण तोड तीच. दोघांतला एक ठेव.

पैलवान जरा खोलात जाऊन सांगतो, कारण तो नीट जमला तर तुझ्या गेमची ओळख होईल तो. चालत येतो, बुक्क्या खात येतो, हे झालं. चारपाच पावलांवर थांबतो आणि शड्डू ठोकतो. मांडीवर थाप, आवाज खणखणीत, मांडीवरनं लाल माती उडते. याच्याइतकी चांगली खूण तुला जगातल्या कुठल्या पिक्चरमध्ये सापडायची नाही, कारण ती दिसते पण आणि ऐकू पण येते, खेळणारा स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी मारत असला तरी त्याचे कान टवकारतात. शड्डू धरून ४० फ्रेम. मग तो खाली वाकून दुहेरी पटाला घुसतो, दोन्ही पाय धरायला. या धावण्यात त्याला कशानंच थांबवता येत नाही. तोड म्हणजे रस्त्याच्या खोलीत वर किंवा खाली एक पाऊल, किंवा वेळेवर उडी, उशिरा मारली तर हवेतनं खाली येताना सापडतोस. सापडलास तर उचलून आपटतो, अर्ध्याच्या जवळपास हेल्थ जाते, जाऊ दे, पैलवान आहे. चुकला तर दोन हात आणि गुडघ्यांवर पडतो आणि तिथं ५० फ्रेम त्याची पाठ मोकळी. आता हिरोनं पकडचं बटण दाबलं तर वरनं घिस्सा हा डाव मारून त्याला चीत करतो, एका झटक्यात. बुक्क्या मारत बसलास तर मारता येतात, पण पकड केली तर निकाल. टेस्टिंगला आमच्याकडं एक कॉलेजची पोरगी बसली होती, तिसऱ्या पैलवानाला ती शड्डू ऐकला की दोन्ही अंगठे काचेवरनं उचलून नुसती थांबायची, धाव सुटली की एकच टिचकी वर आणि लगेच पकड. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तोंडातनं आवाज नाही, श्वास धरलेला. अंगठे उचललेले दिसले की समजायचं हा शत्रू जमला.

एक सांगून ठेवतो, पैलवानाला साधा भुरटा गुंड करू नकोस, आणि खऱ्या तालमीचं नाव बोर्डावर टाकू नकोस. इथल्या लोकांच्या लेखी तालीम म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको, पहिल्याच कमेंटला कळेल. त्याला कुणाचं तरी देणं लागतंय म्हणून उभा राहिलाय असं काहीतरी कर, हरला की उठून हात मिळवतो आणि बाजूला होतो. खर्च एका अ‍ॅनिमेशनचा, पण लोक तेच लक्षात ठेवतात.

हे सगळं कुणी नवीन शोधलेलं नाही. इरेम कंपनीचा १९८४ चा कुंग-फू मास्टर हा गेम बघ, ताकाशी निशियामा यांनी केलेला, हेच पुढं कॅपकॉममध्ये पहिला स्ट्रीट फायटर करायला गेले. त्यातले साधे गुंड मारतच नाहीत, येऊन गळ्यात पडतात आणि धरल्याधरल्या हेल्थ कमी होत जाते. दुसरा सुरी फेकतो, कधी डोक्याच्या उंचीवर कधी खाली, म्हणजे वाक किंवा उडी मार. तिसरे बुटके, उंच फटका त्यांच्या डोक्यावरनं जातो. तीन जाती, तीन प्रश्न, चित्रं एवढीएवढीशी. आणि गळ्यात पडणारा एकटा असला तर काहीच नाही, पण दोघांनी धरलंय आणि समोरनं सुरी येतेय म्हटल्यावर घाम फुटतो. अवघडपणा असा मिसळून येतो, त्यासाठी हेल्थ वाढवायची गरज पडत नाही. तुझ्या गेममध्ये हेल्थचा आकडा सगळ्यात शेवटी हलव. साधा गुंड योग्य तोड मिळाल्यावर पाचसहा सेकंदात संपला पाहिजे.

आता शिव्या पडतात तो भाग, घोळका. पिक्चरमध्ये दहा जण हिरोला घेरतात आणि एकेक करून येतात, बाकीचे तोवर मागं हात हलवत नाचतात. कॅमेरा जवळ असतो म्हणून ते खपतं. आपला कॅमेरा लांब, सगळे दिसतात, आणि एक जण लढतोय आणि बाकीचे रेशनच्या रांगेत उभारल्यासारखे उभे, हे लगेच डोळ्यात येतं. पण सगळ्यांना एकदम सोडलं तर अन्याय. गेमवाले यावर टोकन वापरतात. हल्ला करायची परवानगी मागायची, टोकन असेल तर मिळते, मारून झालं की परत द्यायचं. या प्रकाराला कुंग-फू सर्कल असंच म्हणतात, नाव पिक्चरवरनंच आलंय. २०१२ च्या किंग्डम्स ऑफ अमालुर: रेकनिंग या गेममध्ये त्याची एक चांगली सुधारणा होती, प्रत्येक शत्रूला वजन आणि हिरोभोवतीच्या जागेला क्षमता, म्हणजे मोठा राक्षस आला की तो एकटाच बरीच जागा खातो आणि छोटे आपोआप बाहेर थांबतात. आपल्यासारख्याला याची साधी आवृत्ती पुरते. सुरुवातीच्या लेव्हलला एक टोकन, पुढं दोन, पैलवान दोन टोकन घेतो. दोन हल्ल्यांच्या मध्ये निदान अर्धा सेकंद जाऊ दे. स्क्रीनच्या बाहेर असलेल्याला टोकन कधीच द्यायचं नाही, न दिसणाऱ्यानं मारलं की खेळणारा फोन ठेवून देतो, आणि त्याचं बरोबर असतं. हिरो खाली पडलाय तर तो उठेपर्यंत टोकन बंद.

ज्यांच्याकडं टोकन नाही त्यांना काम दे. हे बहुतेक जण विसरतात. वुशूवाली फिरून मागच्या बाजूला जाते, पण मारत नाही. दारुड्या बाटली शोधतो. एखादा खुर्ची उचलायला जातो, ती उचलायला त्याला दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात त्याला गाठलंस तर खुर्ची तुझी. मग ते थांबलेत असं वाटत नाही, काहीतरी शिजतंय असं वाटतं. आणि एक जण मारताना दुसरा मध्ये आलेला दिसला तर फटका त्यालाही बसू दे. पिक्चरमधली सगळ्यात हसवणारी जागा ती, आणि तुला फुकट मिळते.

हत्यारांबद्दल. नानचाकू सगळेच टाकतात रे. १९८७ च्या डबल ड्रॅगन या गेममध्ये शत्रूच्या हातातलं हत्यार पाडून आपल्याला उचलता यायचं, चाबूकवालीचा चाबूक घेऊन तिच्याच दोस्तांना हाणायचं, ती गंमत हत्यारात असते, ते नक्की कर. पण हत्यार कुठलं यासाठी तू लांब कशाला जातोस. आपल्याकडं मर्दानी खेळ आहे, शस्त्रांचा. शिवजयंतीला उभारून बघ जरा, मोबाइलवर शूटिंग कर, वस्तादांना विचार. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, मनगट वळत नाही, त्यामुळे वार पूर्ण खांद्यातनं येतो, मोठा गोल. म्हणजे खूण आपोआपच मोठी, आणि तोडही आपोआप मिळते, पातं पुढनं गेलं की आत घुस, जवळ आल्यावर त्याला एवढ्या लांब पात्याचं काही करता येत नाही. आणि विटा तर गेमसाठीच बनवलाय असं वाटतं मला. भाल्याला दोरी, दोरी हातात, फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. एका रेषेत जाताना एकदा आणि येताना एकदा, दोन धोके. तोड म्हणजे रेषेतनं बाजूला हो आणि परत लगेच त्या रेषेत जाऊ नको, किंवा धीट असशील तर जमिनीवरची दोरी पायाखाली दाबून धर, गडी रिकाम्या हातानं. नानचाकूवाला काढ, विटावाला टाक. हे हत्यार बाकीच्यांकडं नाही.

बॉसबद्दल तू काही विचारलं नाहीस तरी थोडं. मोठा आकार म्हणजे मोठा बॉस असं धरू नकोस. द रेड या २०११ च्या पिक्चरमधला यायान रुहियानचा मॅड डॉग अंगानं लहानखुरा आहे, हातात पिस्तूल असून बाजूला ठेवतो आणि हातानं लढतो, सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. आणि आकारच हवा असेल तर गेम ऑफ डेथमधली करीम अब्दुल-जब्बारची फाइट बघ. ब्रूस ली तो पिक्चर अर्धा टाकून १९७३ ला वारला, पण ती फाइट शूट झालेली होती. समोर ७ फूट २ इंचाचा माणूस, ब्रूस लीचा हात पोचायच्या आधी त्याचा पाय पोचतो. त्याची कमजोरी म्हणजे डोळ्यांना उजेड सहन होत नाही, मग ब्रूस ली खिडक्या फोडत सुटतो. आपल्या कामाचं यात हे की त्या माणसानं पहिल्यापासनं काळा चष्मा घातलाय. तोड समोरच ठेवलीय, सांगितली मात्र नाही. तुझ्या बॉसच्या अंगावर असा चष्मा कुठला, ते ठरव. ड्रंकन मास्टर २ (१९९४) मधला केन लो एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायानं लाथांचा मारा करतो, तो पण बघ, शिकायला मिळतं की पूर्ण बॉस एका पायावर पण चालतो, पण खेळणाऱ्याला त्याचा उभा पाय दिसला पाहिजे, कारण तोड तिथं आहे.

ओळखू येण्याचं एक राहिलं. खासबाग मैदानात कधी बसला असशील तर माहीत असेल, शाहू महाराजांनी ते असं बांधून घेतलंय की मागच्या शेवटच्या माणसालाही हौद्यातला डाव दिसतो. तुझ्या फोनचा स्क्रीन म्हणजे ती शेवटची रांग समज. शत्रूंना काळ्या रंगानं भरून टाक, अंगठ्याएवढे लहान कर आणि बघ कोण कोण ओळखू येतं. कराटेवाला आणि वुशूवाली उभे असताना सारखेच दिसत असतील तर वुशूवालीला खाली बसकं उभं कर, एक पाय लांब. चेहऱ्यावर आणि कपड्यांवर वेळ घालवू नकोस, तिथं कुणी बघत नाही.

तर मी काय करायला सांगतोय: कराटेवाला, दारुड्या, वुशूवाली, पैलवान ठेव, विटावाला नवीन कर, बाकीचे फोल्डरमध्ये राहू देत, पुढं त्यातलं एखादं रंग बदलून वापरता येईल. बेस क्लासमधनं हिटस्टन काढून प्रत्येकाला वेगळा दे. मग चित्रं सगळी काढून टाक आणि पाचही जणांना एकाच राखाडी डब्याचं रूप दे, आवाज ठेव. ज्यानं तुझा गेम आधी खेळलाय त्याला बसव आणि विचार हा कोण. पाचातले चार ओळखले तर चित्रं परत चढव. दोनच ओळखले तर परत तोडीच्या कागदाकडं.

दारुड्याचं मला नक्की कळलं नाही, तुझ्या क्लिपमध्ये तो झुलताना त्याचा हर्टबॉक्स (फटका लागतो तो न दिसणारा चौकोन) पण मागं सरकतोय का नुसतं चित्र सरकतंय. चित्रच सरकत असेल तर बुक्की हवेत गेलेली दिसेल आणि तरी लागेल, मग वरचं सगळं वाया. डीबगमध्ये कोलिजन शेप (म्हणजे तेच न दिसणारे चौकोन) दिसतील असं चालू कर, दहा सेकंदांची क्लिप टाक, वुशूवालीची पण टाक जमलं तर, उडून पडते तेव्हाची. रविवारी निवांत बघतो.